चार तारांचा हिशोब : फ्लॅटवाउंड की राउंडवाउंड?

बँडमध्ये सगळ्यात कमी कौतुक कुणाच्या वाट्याला येत असेल, तर ते बेस गिटारवाल्याच्या. गायकाला टाळ्या, लीड गिटारला शिट्ट्या, ड्रमरला 'वन्स मोअर' आणि बेसवाल्याला प्रश्न, "काय रे, तुझ्या गिटारला दोन तारा कमी का?" असो. त्या उरलेल्या चार तारांबद्दलच आज लिहायचं आहे. आपल्या म्युझिक क्लबकडे बेस एकच. गॅदरिंगच्या आधी तारांचा सेट येतो तोही एकच आणि तो कुठला आणायचा यावर दरवर्षी भांडण ठरलेलं. पुढच्या वर्षी मी इथे नसेन, निर्णय ज्युनियर मंडळींना घ्यायचा आहे. म्हणून हा हिशोब मांडून ठेवतो.

आधी तार समजून घेऊ

बेसची जाड तार एकसंध नसते. मध्ये स्टीलचा गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते. असं का? स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आठवा. जाडी दुप्पट केली की वजन चौपट होतं, पण वाकायला होणारा विरोध सोळा पट होतो. एकसंध जाड तार लावली तर ती तारेसारखी न वागता सळईसारखी वागेल आणि तिचे उपस्वर बेसूर होतील. वजन हवं पण ताठरपणा नको, म्हणून ही गुंडाळी.

गुंडाळलेली तार गोल असेल तर ती राउंडवाउंड. चपटी पट्टी असेल तर फ्लॅटवाउंड. पहिलीवर बोट फिरवलं की कानशीसारखी खरखर लागते, दुसरी गुळगुळीत.

ताणाचं गणित

नेहमीच्या बेसवर तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते. सगळ्यात जाड 'ई' तारेची वारंवारता ४१.२ हर्ट्झ. ही तार मीटरला ३५ ग्रॅम वजनाची धरली, तर सूत्रात किमती घालून ताण येतो साधारण १७७ न्यूटन. म्हणजे एका तारेला १८ किलोचं पोतं टांगल्यासारखंच!

आता गंमत बघा. गोल तारेच्या दोन वेढ्यांमध्ये फट राहते. चौकोनात वर्तुळ बसवलं तर ७८.५ टक्केच जागा भरते, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. चपट्या पट्टीत ही फट जवळजवळ नसते. म्हणून बाहेरची जाडी तीच असली तरी फ्लॅटवाउंड सहसा जास्त वजनदार भरते, आणि लांबी व सूर तोच ठेवायचा तर वजनाच्या प्रमाणात ताणही वाढवावा लागतो. अर्थात कंपन्या गाभा बदलून हे कमीजास्त करतात. व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या फ्लॅटवाउंड तारा कमी ताणासाठीच प्रसिद्ध आहेत. तेव्हा पाकिटावर फक्त जाडी बघू नका, ताणाचा आकडा दिला असेल तर तोही बघा.

आवाजात फरक कुठे पडतो?

दोन्ही तारांचा मूळ स्वर तोच. फरक पडतो उपस्वरांत. ऑडॅसिटीमध्ये दोन्हींचं रेकॉर्डिंग करून स्पेक्ट्रम बघा. राउंडवाउंडमध्ये वरचे उपस्वर ठळक दिसतात आणि बराच वेळ टिकतात. फ्लॅटवाउंडमध्ये ते लवकर विरतात. तंबोऱ्याची जवारी लागलेली असताना आणि नसताना जो फरक जाणवतो, तसंच काहीसं.

उपस्वर म्हणजे नुसती सजावट नव्हे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ बाहेर पडतच नाही. तरी आपल्याला बेस ऐकू येतो, कारण ८२.४, १२३.६, १६४.८ अशा वरच्या उपस्वरांवरून मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे गॅदरिंगचा व्हिडिओ घरचे मोबाइलवर बघणार असतील, तर राउंडवाउंडवाला बेसिस्ट त्यांना जास्त ऐकू येईल.

मोठ्यांनी काय केलं?

लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला, तेव्हा तारा फ्लॅटवाउंडच होत्या. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओत जेम्स जेमरसनने जाड फ्लॅटवाउंड तारांवर कितीतरी गाणी वाजवली आणि तार तुटल्याशिवाय बदलायची नाही, हा त्याचा खाक्या होता. इंग्लंडमध्ये 'द हू'च्या जॉन एन्टविसलला पियानोसारखा खणखणीत आवाज हवा होता. त्याच्या मदतीने १९६६ च्या सुमारास रोटोसाउंड कंपनीने राउंडवाउंड तारा बनवल्या. पुढे जॅको पास्टोरियसने फ्रेट काढलेल्या बेसवर राउंडवाउंड वापरल्या, पण त्या लाकूड खातात म्हणून पट्टीवर इपॉक्सीचा थर चढवला.

"मेटलला राउंडवाउंडच लागतात" असं म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव : आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस. गडी फ्लॅटवाउंड वापरतो! बोटांचा जोर इतका, की तार फ्रेटवर आपटून हवा तो खणखणाट निघतो.

खिशाचा प्रश्न

राउंडवाउंडच्या खाचांत घाम आणि मळ साचतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तार मंद होते. पाण्यात उकळून ती थोडे दिवस पुन्हा बोलती करता येते (होस्टेलच्या हीटरला तेवढंच काम!), पण ते थोडे दिवसच. शिवाय तिची खरखर फ्रेट झिजवते, स्टेनलेस स्टीलची असेल तर जास्तच. फ्लॅटवाउंड महाग खरी, पण वर्षानुवर्षं टिकते, फ्रेटना जपते आणि नवशिक्याच्या बोटांनाही.

मग आणायची कुठली?

बेस तुमचा स्वतःचा असेल आणि स्लॅप वाजवायचं असेल, तर डोळे मिटून राउंडवाउंड घ्या. स्लॅपचा तो 'टण्' फ्लॅटवर निघत नाही, आणि अँपचं ट्रेबलचं बटण जे तारेतच नाही ते निर्माण करू शकत नाही. मधला मार्गही आहे : गोल तार गुंडाळून वरून घासलेल्या हाफराउंड तारा.

पण क्लबच्या बेसला माझं मत फ्लॅटवाउंडला. हा बेस वर्षातले कित्येक महिने कपाटात असतो, अख्खा पावसाळा दमट हवेत काढतो आणि दरवर्षी नव्या शिकाऊ हातांत जातो. तारा पुन्हा आणता येतात. झिजलेले फ्रेट बदलायचे तर कारागीर शोधा आणि जिमखान्याकडून पैसे मंजूर करून घ्या, हे दोन्ही किती सोपं आहे ते तुम्ही जाणताच. थोडा खणखणाट गेला तरी चालेल, वाद्य राहिलं पाहिजे.

शेवटची सूचना. तारांचा प्रकार बदलला की मानेवरचा ताण बदलतो. म्हणून चारही तारा एकदम काढू नका, एकेक करून बदला. मग एक दिवस थांबा, मान किती वाकली ते बघा आणि ट्रस रॉड एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका. कारण तार बदलता येते, मान मोडली तर मात्र 'एटीकेटी'ची सोय नाही!