टॉम विल्स : नियम घडविणारा खेळाडू

एखादा खेळ जन्माला येतो केव्हा? चेंडूला लाथ मारणे हे जगात सर्वत्र पूर्वापार चालत आले आहे. परंतु दोन्ही बाजू आधी एकत्र बसून काय चालेल व काय चालणार नाही हे ठरवितात, तेव्हाच धांगडधिंग्याचा खेळ होतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या बाबतीत तो दिवस आणि ती माणसे इतिहासाला ठाऊक आहेत. त्यांत टॉम विल्स हे नाव प्रमुख होय.

विल्सचा जन्म १८३५ चा, न्यू साउथ वेल्समधला. बालपण व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातील वडिलांच्या मेंढवाड्यावर, तेथील जाब वुरुंग या आदिवासींच्या मुलांबरोबर गेले. त्यांची भाषा तो बोलू लागला. चौदाव्या वर्षी त्याला इंग्लंडमधील रग्बी विद्यालयात धाडण्यात आले. तेथे तो क्रिकेट संघाचा कर्णधार झाला आणि त्या शाळेचा दांडगा फुटबॉलही खेळला.

१८५६ च्या अखेरीस तो मायदेशी परतला. हिवाळ्यात क्रिकेट बंद पडे आणि खेळाडू सुस्तावत. म्हणून १० जुलै १८५८ रोजी त्याचे एक पत्र मेलबर्नच्या क्रीडासाप्ताहिकात प्रसिद्ध झाले : फुटबॉलचा क्लब काढा आणि नियम करण्यासाठी समिती नेमा. पुढच्याच महिन्यात मेलबर्न ग्रामर व स्कॉच कॉलेज यांच्यात एक सामना सुरू झाला. प्रत्येक बाजूस चाळीस मुले, पंचांपैकी एक विल्स. सामना तीन शनिवार चालला आणि एकेक गोल होऊन अनिर्णित राहिला!

१७ मे १८५९ रोजी मेलबर्न क्लबच्या मंडळींनी एका हॉटेलात बसून दहा नियम लिहिले. विल्सचा ओढा आपल्या शाळेच्या नियमांकडे होता. इतरांना ते क्लिष्ट आणि प्रौढांना न मानवणारे वाटले. मैदान कठीण, खेळणारे पोटापाण्याला लागलेले. नडगी फुटून घरी बसणे कोणाला परवडणार? म्हणून नडगीवर लाथ मारण्यास बंदी आली. ‘ऑफसाइड’चा नियम ठेवलाच नाही. विल्सने बहुमतापुढे मान तुकविली. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची स्थापना यानंतर चार वर्षांनी, १८६३ मध्ये झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मैदानाबाहेरचे त्याचे आयुष्य मात्र कोणत्याही नियमात बसले नाही. १७ ऑक्टोबर १८६१ रोजी क्वीन्सलंडमधील कलिन-ला-रिंगो येथे आदिवासींनी त्याच्या वडिलांसह १९ जणांना ठार मारले. विल्स त्या दिवशी सामान आणावयास गेला होता, म्हणून वाचला. त्यानंतर गोऱ्यांनी घेतलेल्या सूडात कितीतरी अधिक आदिवासी मारले गेले. तरीही १८६६ मध्ये याच विल्सने व्हिक्टोरियातील आदिवासींच्या क्रिकेट संघाला शिकविले व त्याचे नेतृत्व केले. त्यांतील अनेक खेळाडू १८६८ मध्ये, विल्सवाचून, इंग्लंडचा दौरा करून आले.

या गोष्टीवरून विल्सला थोर ठरविण्याचा मोह होतो. पण सूडसत्रात आपलाही हात होता असे त्याने सांगितल्याचा मजकूर १८९५ च्या एका अमेरिकन वृत्तपत्रात आढळला. २०२१ मध्ये तो पुढे आला. त्याच्या विश्वसनीयतेविषयी मतभेद आहेत. आदिवासींच्या ‘मार्नग्रूक’ या चेंडूच्या खेळातून त्याने प्रेरणा घेतली, हे मत अनेकांना प्रिय आहे. परंतु त्यास विल्सच्या लेखनात आधार सापडलेला नाही. प्रिय असणे व सिद्ध असणे या दोन गोष्टी इतिहासाच्या विद्यार्थ्याने निराळ्या ठेवाव्या लागतात.

पुढे विल्स जिलाँगकडून बरीच वर्षे खेळला. दारूने मात्र त्याला ग्रासले. २ मे १८८० रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्या थडग्यावर शंभर वर्षे नावाचा दगडही नव्हता. तो १९८० मध्ये बसविण्यात आला. ज्या खेळासाठी त्याने आपला हट्ट सोडला, तो खेळ मात्र या सबंध काळात एकाही हिवाळ्यात त्या शहराला परका झाला नाही.