परसातील छत्र्या

पावसाळा लागला की धाम नदीकाठच्या आमच्या पवनारात परसात पांढऱ्या छत्र्या उगवतात. वारुळावरचे टेकोडे आपण आवडीने खातो. त्यांचा देठ जमिनीखाली वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेला असतो. वाळवीच तेथे या बुरशीची जोपासना करते. परंतु गवतात उगवणारी, तशीच पांढरी दिसणारी एक छत्री विषारी आहे. जून झाल्यावर तिच्या खालचे पातळ पडदे हिरवट होतात. कोवळेपणी मात्र ती फसवते. चांदी काळी पडणे, किडे लागणे या कसोट्या व्यर्थ होत. शिजवूनही सर्वच विषे नष्ट होत नाहीत. काही जातींचे विष सहा तासांनंतर जाणवते व यकृत निकामी करते. म्हणून अनोळखी छत्री खाऊ नये. खाल्ली गेलीच, तर त्रासाची वाट न पाहता उरलेला तुकडा घेऊन रुग्णालय गाठावे.