"आहे" आणि "मिळेल" यांतला फरक

आजचे वाचन: १ योहान ५:१०-१३



पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करणारी आपली गोंदियाकडची मुलं-मुली एक प्रश्न हळू आवाजात विचारतात. कॉन्ट्रॅक्ट संपलं, घरी कापून ठेवलेला धान अवकाळीत भिजला, प्रार्थना करावीशीही वाटत नाही. मग माझं तारण खरंच झालंय ना? देवाने हात सोडला तर नाही?

योहानाने हे पत्र लिहिलं तेव्हा मंडळी अशीच हादरलेली होती. काहीजण सोडून गेले होते (२:१९), उरलेल्यांना वाटत होतं, आपणच चुकतोय की काय. योहान त्यांना अंदाज बांधायला सांगत नाही. पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याजवळ सार्वकालिक जीवन आहे हे कळावं, म्हणून तो लिहितो. "मिळेल" असं नाही, "आहे". योहान ५:२४ मध्येही तसंच: विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात आधीच पार गेलेला आहे.

महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट कन्फर्म झालं तरी आपण पीएनआर दहादा तपासतो, नाही का? धाकधूक असली तरी बर्थ आपलाच असतो, आणि निर्धास्त झोपणाऱ्याचा बर्थ काही जास्त कन्फर्म नसतो. (उदाहरण अर्धवट आहे हं. तिकिटाचे पैसे आपण भरतो. तारणाचे प्रभूने वधस्तंभावर भरले, इफिस २:८-९.)

याच रेल्वेमार्गावरची एक गोष्ट. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. ती वाट गोंदियावरूनच जाते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी ओळख झाली आणि त्याने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांचं मन धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि पुढे? सगळं सुरळीत? नाही. घर फुटलं. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू दुरावले, नातलगांत संताप उसळला. परिस्थिती पाहून तारणाची खात्री करायची असती, तर त्या वर्षांत टिळकांच्या हाती काय उरलं असतं? लक्ष्मीबाईही पुढे ख्रिस्ताकडे आल्या, पण ते काही वर्षांनी. टिळकांचा विश्वास त्या दिवसाची वाट बघत थांबला नव्हता.

म्हणून मला वाटतं, "माझा विश्वास पुरेसा आहे का?" हा प्रश्नच आपल्याला थकवतो. मार्क ९ मधल्या बापाचा विश्वास अर्धाच होता, तसं त्याने रडत कबूलही केलं. मुलगा तरी बरा झाला, कारण येशू पुरेसा होता. योहान १०:२८-२९ नीट वाचा. मेंढरांनी मेंढपाळाला किती घट्ट धरलंय याबद्दल तिथे अक्षर नाही. पुत्राचा हात आणि पित्याचा हात, एवढंच आहे.

"मग कसंही वागलं तरी चालेल?" असं कोणी विचारेलच. हेच पत्र पुन्हा वाचा. भावाचा द्वेष करणाऱ्याला योहान अजिबात सूट देत नाही. पण स्वतःचंच मन दोष देऊ लागलं, तर देव आपल्या मनाहून मोठा आहे, हेही तोच सांगतो (३:१९-२०).

प्रार्थना: प्रभू येशू, आज मला काहीच जाणवत नाही, तरी तू धरलं आहेस. आईबाबांच्या शेताकडे बघ, माझ्या नोकरीकडे बघ. माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. आमेन.