लॉनवर हुमणी नाही, मशीनचा डेक कललाय

पाऊस ओसरला की पुण्या-नाशिकबाहेरच्या लॉन्सवाल्यांची घाई सुरू होते. तुळशीचं लग्न लागलं की मांडव पडायला लागतात, त्याआधी हिरवळ एकसारखी दिसली पाहिजे. नेमक्या याच दिवसांत बसून चालवायचं गवत कापायचं मशीन फिरवल्यावर गवतावर पिवळे पट्टे उमटतात आणि मालक घाबरतो. सोरतापवाडी-उरुळी कांचनकडचे लॉन कार्पेट पिकवणारेही घाबरतात, कारण पट्टे पडलेला तुकडा गिऱ्हाईक उचलत नाही.

घाबरलेला माणूस पहिल्यांदा औषधांच्या दुकानात जातो. हुमणी असेल म्हणून कीटकनाशकाची आळवणी, बुरशी असेल म्हणून बुरशीनाशक, वर हिरवेपणासाठी मूठ-मूठ युरिया. एवढ्या खर्चाआधी खाली वाकून गवत ओढून पाहायला कोणी तयार नसतं. हुमणीनं मुळं खाल्लेली असतील तर गवताचा थर सतरंजीसारखा सुटून येतो आणि खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतात. गवत मातीला घट्ट धरून असेल आणि पिवळेपणा चाकांच्या दिशेनं सरळ रेषेत धावत असेल, तर रोग गवताला नाही, मशीनला आहे.

महामार्गालगतच्या एका लॉन्सवर दोनदा आळवणी झाली, पट्टे तसेच राहिले. दोष निघाला मागच्या उजव्या टायरात. पंक्चर काढणाऱ्यानं मोटारसायकलच्या हिशेबानं त्यात 30 पौंड हवा ठोकली होती. अशा मशीनला साधारणपणे पुढं 14 आणि मागं 10 पौंडांच्या आसपास हवा लागते; नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात असतो. डेक, म्हणजे पात्यांवरचं झाकण, सांगाड्यालाच टांगलेला असल्यानं एक बाजू उचलली गेली की पातीही तिरकी होतात आणि खालच्या बाजूचं गवत जास्त भादरलं जातं. आणखी एका ठिकाणी तर डेक सरळ करायला मुद्दाम एका टायरातली हवा कमी केलेली आढळली! दुखणं तिथंच राहिलं, वर मशीन वळणावर झुकायला लागलं.

म्हणून आधी हवा, मग माप. मशीन सपाट काँक्रीटवर उभं करावं, लॉनवर नाही. किल्ली काढावी, प्लगची वायर ओढून बाजूला करावी, हातात जाड मोजे घालावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली हात घालू नये, खाली लाकडी ठोकळे हवेतच. डेकच्या पोटात चिकटलेलं वाळकं गवत खरवडून काढावं. मग पात्याचं एक टोक जमिनीपासून मोजावं, पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच जागी मोजावं. दोन मापं जुळली नाहीत तर पातं वाकलंय. ते हातोडीनं ठोकून सरळ करू नये, भंगारात टाकावं. माप सरळ आलं तर पातं वर-खाली हलवून पाहावं. खडखडलं तर स्पिंडलचं बेअरिंग गेलंय. एवढं न तपासता डेकची लेव्हल करणारा मिस्त्री फक्त वेळ घालवतो.

मग पाती आडवी करून डेकच्या डाव्या-उजव्या टोकांची उंची मोजावी. फरक एका सुताच्या, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर डेक टांगणाऱ्या दांड्यांचे नट फिरवून जुळवावा. पुढचं टोक मागच्यापेक्षा एक ते तीन सूत खाली असावं. मागची बाजू खाली गेली की कापलेलंच गवत पुन्हा कापलं जातं आणि इंजिन घुसमटतं. पातं उलटं तर बसवलं नाही ना, तेही पाहून घ्यावं. त्याचे वळवलेले पंख डेककडे असतात.

बोथट पातं गवत फाडतं. दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट दिसतात आणि तिथून बुरशी शिरते. धार लावल्यावर पातं खिळ्यावर टांगावं, जी बाजू झुकेल ती थोडी घासावी.

पेट्रोल वाचवायला अर्ध्या थ्रॉटलवर मशीन पळवणं ही आणखी एक खोड. पात्याचा वेग कमी पडला की गवत कापलं न जाता आडवं पडतं. इंजिन पूर्ण वेगावर, चाल मंद, आणि दव सुकल्यावरच कापणी. लग्न आलं म्हणून एकदम बारीक करायचं नाही. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं की हरळीसुद्धा उघडी पडते. कोजागिरीच्या सुमारास उष्मा असतो, तेव्हा ती भरून येते. थंडी पडल्यावर तिची वाढ मंदावते आणि डाग तसाच राहतो.

टेकाडावरच गवत भादरलं जात असेल तर मात्र दोष जमिनीचा. त्यावर रोलर फिरवणं हा आवडता उपाय, पण ओली काळी माती त्यानं दबून दगड होते. वाळू आणि चाळलेलं शेणखत अर्ध्या इंचापेक्षा जाड न पसरता सखल जागा हळूहळू भराव्यात.

मांडवाच्या लोखंडी खुंट्या गवतात राहून जातात आणि पुढच्या कापणीला पातं वाकवतात. नाशिककडचा एक मालक आता खुंट्या आत येताना मोजतो, बाहेर जाताना मोजतो. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत मांडववाल्याचा टेम्पो फाटकाबाहेर सोडत नाही.