पेरू आणि नळ : जगवावयाचे झाड व आवरावयाचे गवत
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवीसाठी पाठ)

दोन वनस्पतींची तुलना करावयास सांगितली म्हणजे विद्यार्थी बहुधा वहीच्या मधोमध एक रेघ ओढतात, डावीकडे एकीचे व उजवीकडे दुसरीचे उपयोग लिहितात आणि ज्या बाजूस ओळी अधिक भरल्या ती वनस्पती श्रेष्ठ, असा निकाल देऊन मोकळे होतात. पुष्कळदा शिक्षकही त्यावर 'बरोबर' अशी खूण करतात. पेरू आणि नळ ही जोडी ह्या सवयीस चांगला आळा घालते. पेरू हे झाड आहे, नळ हे गवत आहे. पेरूची निगा म्हणजे त्यास जगविणे; नळाची निगा म्हणजे त्यास आवरणे. हा भेद वर्गापुढे उघड व्हावा, एवढ्यासाठीच हा पाठ योजिला आहे.

आरंभ नावांपासून करावा. पाठ्यपुस्तकात 'पेरू' असे छापलेले असते. पण बिलोली, देगलूर, नायगाव ह्या बाजूचे मूल त्या फळास 'जाम' किंवा 'जांब' म्हणते, आणि ज्याच्या घरी तेलुगू बोलतात ते 'जामपंडू' म्हणते. ही नावे चुकीची समजून खोडू नयेत. कोकणातील मुलास 'जाम' म्हटले तर त्याच्या डोळ्यांपुढे निराळेच पांढरे, रसाळ फळ येईल, हेही जाता जाता सांगावे. 'पेरू' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'पेरा', म्हणजे नासपती, ह्या शब्दावरून आला असे मानतात. झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले असून पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्याकडे आले.

'नळ' म्हटल्याबरोबर मुले पाण्याच्या नळाकडे बोट दाखवितील. त्यांस हसू नये. पाण्याच्या नळास ते नाव ह्या पोकळ गवतावरूनच मिळाले आहे. नळी, नळकांडे हे शब्दही त्याच घराण्यातले. ह्याच्या वाळलेल्या काडीची लेखणी करीत, म्हणून ह्यास बोरू असेही म्हणतात. मात्र आपल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात बोरू म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरावयाचा ताग. तेव्हा 'उद्या बोरू घेऊन या' असे सांगितल्यास अर्धा वर्ग तागाची जुडी घेऊन येईल! सह्याद्रीत 'देवनळ' नावाची एक विषारी वनस्पती आहे. तिचा ह्या गवताशी काही संबंध नाही.

निरीक्षणासाठी पेरूची एक डहाळी, नळाचा एक वाळलेला व एक हिरवा दांडा, ज्वारीचे ताट आणि उसाचे एक कांडे एवढे साहित्य पुरते. नळाचे दांडे शिक्षकांनी स्वतः आणावेत. त्याच्या पानांच्या कडा धारदार असतात आणि बेटात सापकिरडू असण्याचा संभव असतो; मुलांस नदीकाठी पाठवू नये. दांडा ज्वारीच्या ताटाजवळ ठेवला की नाते आपोआप दिसते : तीच पेरे, कांड्यास वेढणारे तेच पानाचे आवरण, पानावर एका दिशेने गेलेल्या त्याच समांतर शिरा. आता तिन्ही आडवे कापून दाखवावेत. ऊस भरीव, ज्वारी भेंडाने भरलेली, नळ पोकळ. पेरूच्या पानावर मात्र शिरांचे जाळे असते, पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि पान उजेडासमोर धरल्यास बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत सुगंधी तेल असते. जांभूळ, निलगिरी व लवंग ही पेरूची भावंडे. पान चुरगळून हुंगल्यावर हे नाते मुलांस पुन्हा सांगावे लागत नाही.

आता निगेकडे वळू. ह्या ठिकाणी पाठ घाईने उरकू नये.

शाळेत जूनमध्ये वृक्षारोपण होते, छायाचित्र निघते, आणि पुढील जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते. हे अनेक गावांत पाहावयास मिळते. रोप मरते ते बहुधा मे महिन्यात, शाळेस कुलूप असताना. म्हणून पेरू लावण्यापूर्वी 'उन्हाळ्याच्या सुटीत ह्यास पाणी कोण घालील?' हा प्रश्न वर्गात विचारावा आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या ठरल्यावरच खड्डा खणावा. पाळी ठरत नसेल तर त्या वर्षी झाड न लावणे अधिक प्रामाणिकपणाचे.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद व तितकाच खोल असावा. एकाहून अधिक झाडे असल्यास दोन झाडांत वीस फुटांचे अंतर ठेवावे. बिलोलीच्या भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचते आणि साचलेल्या पाण्यात पेरूची मुळे गुदमरतात. म्हणून रोपाभोवती माती चढवून उंचवटा करावा. मुरमाड किंवा नदीकाठच्या पोयट्याच्या जमिनीत ही अडचण येत नाही. पेरू तसा काटक आहे, हलक्या जमिनीतही तग धरतो. रोप घेताना दाब कलम घ्यावे. बियांपासून केलेले झाड आईसारखेच फळ देईल असा भरवसा नसतो, आणि फळासाठी चारपाच वर्षे थांबावे लागते. कलमास दोनतीन वर्षांत फळ धरते. येथे मुलांस एक गंमत सांगण्यासारखी आहे. बियांच्या झाडास सोटमूळ असते, दाब कलमास ते नसते. म्हणून कलमास पहिली दोन वर्षे काठीचा आधार बांधावा लागतो. 'सरदार' ही प्रसिद्ध जात पुण्यातील गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९२७ साली निवडली गेली. पूर्वी तिला 'लखनौ ४९' म्हणत, त्यामुळे ती लखनौची असावी असा गैरसमज होतो.

पाण्याचा हिशेब गणिताच्या तासास जोडावा. समजा, शाळेत साठ मुले आहेत आणि दुपारच्या आहारापूर्वी प्रत्येक मूल नुसत्या पाण्याने हात धुताना अर्धा लिटर पाणी सांडते. रोजचे तीस लिटर झाले. लहान चर खणून ते रोपांकडे वळविता येते. साबणाचे पाणी मात्र निराळे जाऊ द्यावे. सुटीसाठी रोपाजवळ मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा. तो झिरपत राहतो आणि पाळी एखादा दिवस चुकली तरी रोप कोमेजत नाही.

झाड तीन वर्षांचे होऊन फळावर आले म्हणजे हाच उन्हाळा शाळेच्या पथ्यावर पडतो. पेरूस फुले नव्या फुटीवर येतात. एप्रिल-मेमध्ये मोठ्या झाडाचे पाणी तोडून त्यास विश्रांती दिली, की मृगाच्या पावसाबरोबर नवी फूट व फुले येतात आणि फळे नोव्हेंबर ते जानेवारीत, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत, तयार होतात. हा मृग बहार. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात पिकतात, चवीस पाणचट लागतात, आणि त्यांत फळमाशीच्या अळ्या फार पडतात. शाळेने मृग बहारच धरावा. किडकी फळे गळून खाली पडली तर ती झाडाखाली कुजू देऊ नयेत. मुलांकडून वेचून खोल पुरून घ्यावीत, म्हणजे माशीची पुढील पिढी थोपते.

पेरूच्या उपयोगांची यादी मुले स्वतःच सांगतील. शिक्षकांनी एकाच गोष्टीची भर घालावी. शंभर ग्रॅम पेरूत 'क' जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमहून अधिक असते, संत्र्यात सुमारे पन्नास. गावात संत्री विकत घ्यावी लागतात. पेरू अंगणात येतो. हिवाळ्यात हिरड्यांतून रक्त येणाऱ्या मुलासाठी हा आकडा केवळ परीक्षेचा नाही.

नळाची गोष्ट अगदी उलट आहे. त्यास खत नको, आळे नको, राखण नको. जमिनीत त्याचे जाड आडवे खोड पसरते, त्यातून वीस फुटांपर्यंत उंच दांडे उठतात, आणि बी बहुधा रुजत नसले तरी पुराने तुटून वाहिलेला खोडाचा तुकडा जेथे अडकेल तेथे नवे बेट उभे राहते. माणसाने त्याचे उपयोगही पुष्कळ केले : कुडाची भिंत, छपराखालचा तट्ट्या, वेलांचा मांडव, मासे धरण्याची काठी. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजते तिची जिभलीही ह्याच गवताची. मोडीतील दप्तरे बोरूनेच लिहिली गेली. निजामी राजवटीत, १९४८ पर्यंत, येथील उर्दू कचेऱ्यांतील कलमही अशाच काडीचे असे. आज 'बोरूबहाद्दर' एवढा शब्द तेवढा उरला आहे. शिक्षकांनी एक काडी स्वतः तासून, टोकास तिरपा छेद व मध्ये बारीक चीर देऊन दाखवावी. त्या टोकाने 'क' काढला म्हणजे देवनागरीतील जाड-बारीक रेघ कोठून आली हे मुलास हातानेच कळते. चाकू मुलांच्या हाती देऊ नये.

इतके उपयोग ऐकल्यावर कोणी तरी विचारीलच, 'गुरुजी, मग आपण नळच का लावू नये?' ह्या प्रश्नाची वाट पाहावी. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकात हे गवत छपरांसाठी व काठांची धूप रोखण्यासाठी आणले. पुढे सांता आना नदीच्या काठची मूळ झाडे त्याने हटविली. ते पाणी भरमसाट शोषते, वाळल्यावर भडकन पेटते आणि पुरात वाहून पुलांस अडकते. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आपल्या तालुक्याचे ओढे-नाले लेंडी व मांजरेस मिळतात, आणि मांजरा पुढे कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. शाळेमागच्या नाल्यात लावलेले बेट शाळेचे राहत नाही. म्हणून नळ शाळेत लावू नये. जेथे तो पूर्वीपासून आहे तेथील वाळलेले दांडे हिवाळ्यात वरून कापून आणावेत. मुळे उपटून आणू नयेत. काठ धरून ठेवलेले जुने बेट खणून काढल्यास तेथील मातीही पहिल्या पुरात जाते. कापलेला हिरवा कचरा नाल्यात टाकू नये, उन्हात कोरडा होऊ द्यावा.

स्वाध्याय म्हणून 'कोण श्रेष्ठ?' असा प्रश्न देऊ नये. 'तुमच्या घरामागे सांडपाण्याची दलदल आहे. तेथे पेरू जगेल का? नळ लावला तर पाच वर्षांनी काय होईल?' असे विचारावे. उत्तरे घरोघरी निराळी येतील, आणि तशी ती यावीतच. वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता टांगून पेरूच्या रोपाची उंची दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजून लिहावी. मे महिन्याची नोंद पाळीवरच्या मुलाने करावी आणि आपले नाव तिच्यापुढे लिहावे.