आजा कोणत्या लढाईत होता?

"आमचा पणजा लढाईवर गेला होता," असे कोणी कोणी सांगतात. कोणत्या लढाईवर? "जर्मनच्या." पलटण कोणती? ठाऊक नाही. परत आला का? एक म्हणतो आला, दुसरा म्हणतो तिकडंच राहिला, बसऱ्याला. सांगणारी म्हातारी माणसे गेली, की एवढेही उरत नाही. पण त्या माणसाचे नाव कुठल्या तरी कागदावर असू शकते. ते कसे शोधावे, हे आज आपण पाहू.

आधी घर शोधा. ट्रंक पाहा, देव्हारा पाहा. राजाचे तोंड असलेला रुपयासारखा बिल्ला काही घरांत देवांच्या टाकांशेजारी ठेवलेला असतो. तो उभा धरा आणि त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या बिल्ल्याच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. हा नंबर फार मोलाचा. तो वहीत लिहून ठेवा. बिल्ला चांदीचा नसून काशाचा असेल तर टाकून देऊ नका. मजुरांच्या तुकडीतल्या माणसांना तसाच बिल्ला मिळे. त्यांनी बंदूक धरली नसेल, पण सामान वाहिले, रस्ते केले, आणि मेलेही. बिल्ले मोडून पैंजण केलेली घरेही असतील. त्याला काय इलाज!

आता आपल्या तालुक्याची गोष्ट निराळी आहे, ती नीट समजून घ्या. १९४८ सालापर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यात होते आणि शेजारचे सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. म्हणून आपला माणूस दोनपैकी कोणत्याही फौजेत असू शकतो. इंग्रजांच्या फौजेत मराठा पलटणी होत्या. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी इराकात कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. दाणा संपला, घोडी कापून खावी लागली. शेवटी सगळे कैद झाले. १९१७ साली महारांची १११ नंबरची पलटण उभी राहिली. ती पुढे मोडली, आणि १९४१ साली महार रेजिमेंट नव्याने उभी केली. निजामाचे घोडेस्वारही पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनकडे गेले होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात जे तीन पुतळे आहेत, त्यांतला एक हैदराबादच्या स्वारांचा. दुसऱ्या महायुद्धात निजामाची पायदळ पलटण मलायात होती. ८ डिसेंबर १९४१ ला कोटा भारू येथे जपानी उतरले, तेव्हा ती तिथेच होती.

माणूस लढाईत किंवा आजाराने नोकरीत वारला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी पाहा. ती मोबाईलवर फुकट पाहता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, या काळात वारलेल्यांची नोंद तीत आहे. जिवंत परतलेला माणूस तीत सापडायचा नाही. जिल्हा म्हणून 'उस्मानाबाद' आणि राज्य म्हणून 'हैदराबाद' शोधा. धाराशिव हे नाव सरकारी कागदावर २०२३ साली आले, जुन्या यादीत ते कसे मिळेल? नाव इंग्रजीत चारपाच तऱ्हांनी लिहून पाहा. आडनाव असेलच असे नाही, म्हणून बापाचे नाव पाहिजेच. ते ठाऊक नसेल आणि घरचे कोणी नाशिक-त्र्यंबकला जाऊन आले असेल, तर तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे मिळतात.

यादीत मोठा अन्यायही झालेला आहे. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. आपल्या साध्या शिपायांचा फक्त आकडा कोरला, अमुक पलटणीचे अमुक इतके. नावे राहिली वहीत. असे हजारो लोकांच्या बाबतीत घडले, हे कमिशनने २०२१ साली कबूल केले आणि माफी मागितली. तेव्हा "बसऱ्याला राहिला" एवढेच ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराने वही पाहिल्यावाचून नाद सोडू नये.

परतलेल्या माणसासाठी पत्र लिहावे लागते. मराठा पलटणीसाठी बेळगावच्या रेजिमेंट केंद्राला लिहा, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातल्या सागरला. निजामाच्या नोकरीचा शोध हैदराबादच्या सरकारी अभिलेखागारात घ्यावा लागतो. तिथले जुने कागद बहुतेक फारसीत किंवा उर्दूत आहेत, म्हणून ती लिपी वाचणारा सोबत न्या. काय लिहावे हे सुचत नसेल तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पत्र लांबलचक नको. शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका तुळजापूर, जुना जिल्हा, फौजेतला नंबर, पलटण, आणि तुमचे त्याच्याशी नाते. खाली सही करा. बिल्ला पाकिटात घालू नका, त्याच्या कडेवरचा मजकूर तेवढा उतरून पाठवा. पत्राची एक नक्कल घरी ठेवा, आणि महिना-दोन महिन्यांत उत्तर नाही आले तर तीच पुन्हा धाडा.