आपोआप फिरणारें चाक कां फिरत नाहीं ?

एका गांवच्या शिक्षकबंधूंनीं आम्हांस नुकताच एक प्रश्न विचारला. त्यांच्या गांवांतील एका शेतकऱ्यानें मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली. तींत एक मोठें चाक असून त्याच्या आऱ्यांना वजनें टांगलेलीं होतीं. वीज नाहीं, तेल नाहीं, बैल नाहींत, आणि तरी तें चाक आपोआप फिरून विहिरीचें पाणी उपसत होतें. चाक हवें असल्यास निम्मे पैसे आगाऊ पाठवावे, असें खालीं लिहिलें होतें. व त्यासाठीं त्या शेतकऱ्यानें गाय विकावयाची तयारी चालविली होती. असें चाक होऊं शकतें काय, हें पदार्थविज्ञानाच्या आधारें सांगावें, असें त्या बंधूंचें म्हणणें. उत्तर एका शब्दाचें आहे, "नाहीं." परंतु नुसत्या "नाहीं"नें कोणाचें समाधान होत नसतें, व गायही वांचत नाहीं. म्हणून कारण सांगतों.

प्रथम "काम" म्हणजे काय तें पाहूं. डोक्यावर घागर घेऊन तासभर उभी राहिलेली बाई दमून जाते. परंतु शास्त्राच्या हिशेबीं तिनें त्या घागरीवर कांहींच काम केलेलें नसतें. जोर लावला, आणि ज्या दिशेनें लावला त्या दिशेनें वस्तु सरली, तरच तें काम. व त्याचें माप जोर गुणिलें अंतर. एक किलो वजन एक मीटर उंच नेण्याच्या कामास आपण ह्या धड्यापुरतें "एक उचल" म्हणूं. पुस्तकांतील जूल ह्या मापानें एक उचल सुमारें ९.८ जूल भरते.

आतां शेतांतील धोंडा पहारेनें हलवितो तो मनुष्य पाहा. टेकूच्या अलीकडे पहार १२० सेंटिमीटर व पलीकडे १० सेंटिमीटर असेल, तर वीस किलोच्या जोरानें २४० किलोचा भार उचलतो. बारापट लाभ झाला असें वाटतें. परंतु धोंडा एक सेंटिमीटर उचलावयास हात बारा सेंटिमीटर खालीं न्यावा लागतो. जोरांत जें मिळविलें तें अंतरांत दिलें. गुणाकार तोच राहिला. गाडींत पिंप चढविण्याची फळी, पाचर, मळसूत्र, कप्पी, ह्या सर्वांची गोष्ट हीच आहे. यंत्र जोर वांचवितें, काम वांचवीत नाहीं.

ह्याचें सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याकडची मोट होय. आज बहुतेक विहिरींवर विजेचे पंप बसले आहेत, तरी जुनीं धांव व थारोळीं कितीएक मळ्यांत अजून दिसतात, व वडील माणसांना मोटेचें गाणेंही आठवत असेल. मोटेचें चाक तर एकाच जागीं बसविलेलें. तेवढ्यानें जोर मुळींच कमी होत नाहीं, केवळ दिशा बदलते. मग बैलांना शंभर किलो पाणी वर काढणें सोपें कां जात असे ? कारण धांव उतरती असे. समजा, जोडीचें वजन ७०० किलो आहे, व धांव दर सात मीटरांस एक मीटर उतरते. तर बैलांच्या स्वतःच्या भारापैकीं सातवा हिस्सा, म्हणजे शंभर किलो, नाड्यावर आपोआप येतो ! मोट दहा मीटर वर येते तोंवर बैल धांवेवर दहा मीटर चालतात व सुमारें १.४३ मीटर खालीं उतरतात. ७०० किलो इतके उतरले म्हणजे १००० उचली झाल्या. आणि शंभर किलो पाणी दहा मीटर चढलें, त्याही १००० उचलीच. जमा व खर्च बरोबर.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. मोट थारोळ्यांत रिती होऊन पुन्हां विहिरींत सोडतांना बैलांना तीच धांव मागें चढून यावें लागे. ७०० किलोचे देह १.४३ मीटर वर नेणें म्हणजे पुन्हां १००० उचली. उतरतांना जें उसनें घेतलें तें चढतांना त्यांना आपल्या कडब्याच्या बळावर फेडावें लागे. ज्यानें धांव प्रथम बांधली तो मोठा चतुर मनुष्य असला पाहिजे. त्यानें काम कमी केलें नाहीं, परंतु एकदम पडणारा ताण दोन हप्त्यांत वांटून दिला.

चित्रफितींतील चाकाचेंही असेंच आहे. एका बाजूचीं वजनें आंसापासून दूर झुकलेलीं दिसतात, म्हणून ती बाजू जड असें डोळ्यांना वाटतें. परंतु त्या बाजूस वजनें संख्येनें थोडीं असतात व दुसऱ्या बाजूस अधिक, आणि हिशेब फिटतो. एका पूर्ण फेऱ्यांत प्रत्येक वजन जितकें उतरतें तितकेंच चढतें. मग पाणी उपसावयास शिल्लक काय उरली ? चित्रफितींत कोठें तरी लपविलेली मोटर असते, दुसरें कांहीं नाहीं. फसणाऱ्यास मात्र हंसूं नये. सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ रचणाऱ्या भास्कराचार्यांसारख्या थोर गणितज्ञानें बाराव्या शतकांत, पोकळ आऱ्यांत पारा भरून स्वतः फिरणाऱ्या चाकाचें वर्णन केलें आहे. त्यांच्या घराण्यासंबंधींचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें सांपडला. युरोपांत तर अशा चाकांच्या मागें लोकांनीं इतका काळ व पैसा घालविला कीं, १७७५ सालीं पॅरिस येथील विज्ञान अकादमीनें, येथून पुढें असल्या यंत्रांची तपासणीच करणार नाहीं, असें ठरविलें.

बरें, पाणी न उपसतां नुसतें तरी तें चाक सदैव फिरेल काय ? तेंही नाहीं. मोटेचा कणा कुरकुरूं लागला म्हणजे वंगण घालीत. न घातल्यास कणा हात लावून पाहावा इतका गरम होई. शंभर किलोसाठीं बैलांस १२० किलो ओढावें लागलें, तर दहा मीटरांत २०० उचली जास्त लागल्या. त्या कोठें गेल्या ? त्यांची उष्णता झाली.

हें सत्य एका तोफांच्या कारखान्यांत उघडकीस आलें. अमेरिकेंत जन्मलेला बेंजामिन टॉमसन, ज्यास पुढें काउंट रम्फर्ड म्हणूं लागले, तो बव्हेरियाच्या दरबारीं नोकरीस होता. म्युनिक येथें तोफांस भोंक पाडतांना पितळ फार तापतें, हें पाहून त्यानें मुद्दाम बोथट हत्यार लाविलें, तोफेभोंवतीं पाण्याची पेटी बसविली व घोड्यांकडून यंत्र फिरविलें. अडीच तासांत, विस्तवाचा कणही नसतां, पाणी उकळूं लागलें. पाहणारे लोक थक्क झाले. त्या काळीं उष्णता हा पदार्थांत भरलेला एक प्रकारचा द्रव आहे असें मानीत. परंतु घोडे चालत राहतील तोंवर ती निघतच राहते, तर तो द्रव कसला? १७९८ सालीं त्यानें हा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला.

तरी किती कामाची किती उष्णता, हें नेमकें मोजणें राहिलें होतें. तें मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड गांवीं एका दारू गाळणाराच्या मुलानें, जेम्स जूल ह्यानें, केलें. तांब्याच्या भांड्यांतील पाण्यांत वल्हीं बसवून तीं तो उतरत्या वजनांच्या दोरीनें फिरवी. वजनें वीस वेळां खालीं सोडावीं तेव्हां पाणी फॅरनहाइटच्या कसेंबसें अर्ध्या अंशानें तापे. इतक्या लहान फरकासाठीं त्यानें वर्षानुवर्षें धीर धरला, व १८५० सालीं आपला आंकडा प्रसिद्ध केला. आजच्या मोजणीप्रमाणें एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअस तापवावयास ४२७ उचली लागतात. जूलचा आंकडा ह्याच्या अगदीं जवळ होता.

आतां मोटेकडे वळून पाहा. एक मोट म्हणजे १००० उचली. त्या सगळ्यांची उष्णता केली तर एक लिटर पाणी अवघें सवादोन अंशांच्या जरा वर तापेल. तेंच पाणी २५ अंशांवरून उकळीस आणावयाचें तर ३२ मोटांचें काम लागेल ! बैलांचे जे श्रम आपणांस एवढे मोठे दिसतात, ते चुलीच्या हिशेबांत किती लहान. उलट, एक किलो वाळलेल्या लांकडांत सुमारें दीड हजार मोटांइतकी उष्णता असते. विजेच्या एका युनिटांत ३ लाख ६७ हजार उचली असतात. म्हणून दहा मीटर खोलीवरून एका युनिटांत ३६ हजार ७०० लिटरांहून अधिक पाणी कोणताही पंप काढूं शकणार नाहीं, व खरा पंप त्याच्या निम्म्याच्या आसपास काढील. ह्यापेक्षां अधिक देऊं म्हणणाऱ्या विक्रेत्यास आगाऊ पैसे देऊं नयेत.

एवढी उष्णता लांकडांत आहे, तर मग एका किलोनें चाळीस-पन्नास लिटर पाणी कां उकळत नाहीं ? कारण उघड्या तीन दगडांच्या चुलींत बहुतेक उष्णता भांड्यास लागतच नाहीं. ती तीन वाटांनीं जाते. भांड्याच्या धातूंतून आंत शिरते तें वहन. पळीचा दांडा हातास चटका देतो तो ह्याचमुळें, व म्हणून दांड्यास लांकडी मूठ असते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व भांड्याच्या बाजूनें निसटते तें अभिसरण. आणि विस्तवासमोर बसल्यावर तोंड भाजतें, तें मधल्या हवेच्या साह्यावांचून येणारें प्रारण. पहिली वाट आपल्या उपयोगाची. बाकीच्या दोहोंनीं पुष्कळशी उष्णता स्वयंपाकिणीचें अंग व छप्पर तापविते. रम्फर्डनेंच म्युनिक येथें गरिबांच्या स्वयंपाकघरांसाठीं विस्तव चोहोंकडून झांकलेल्या, भांडें आंत बसणाऱ्या चुली बांधिल्या. लांकूड पुष्कळ कमी लागलें. मात्र चूल बंदिस्त करतांना खालून हवा येण्यास व धूर बाहेर जाण्यास वाट ठेविलीच पाहिजे.

ज्या भगिनींना लांकडासाठीं दूर जावें लागतें त्यांच्या घरीं शिक्षकांनीं हा प्रयोग करून दाखवावा. दोन लिटर पाणी, तोलून घेतलेलें एक किलो लांकूड. एकदां झांकणाशिवाय उघड्या चुलीवर, एकदां झांकण घालून व चुलीच्या बाजू मातीनें लिंपून. पाणी उकळण्यास किती वेळ लागला व लांकूड किती उरलें, हें मुलांनीं दोन्ही वेळां तोलून वहींत लिहावें.